काकतालीय नव्हे, घुणाक्षर

अब्राहम लिंकन आणि जॉन केनेडी या हत्या झालेल्या दोन अमेरिकी अध्यक्षांमधील साम्यांची मोबाइलवर फिरणारी यादी पाठवून एका वाचकाने विचारले आहे की, अशा जुळणीला ‘काकतालीय न्याय’ म्हणावे काय. म्हणू नये. जरा कुठे दोन आकडे जुळले की भाषणांतून आणि लेखांतून हा न्याय ठोकून देण्याची जी सवय पडली आहे, ती मला फार खटकते. काकतालीय म्हणजे ताडावर कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडणे; मराठीत आपण त्या जागी फांदी मोडतो. तिथे दोन घटना एका क्षणी घडाव्या लागतात. लिंकन 1860 साली निवडून आले आणि केनेडी 1960 साली, यात एकाच क्षणी काय घडले?

या यादीला शोभणारा शब्द आहे घुणाक्षरन्याय. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. तो आपल्या पोटासाठी पोखरत जातो आणि मागे राहिलेल्या वेड्यावाकड्या रेघेत एखाद्याला चक्क ‘ग’ दिसतो. वामन शिवराम आपट्यांच्या संस्कृत कोशाने किड्याची ही हकिकत देऊन पुढे ‘कोणतीही आकस्मिक घटना’ असा सरसकट अर्थ लावला आहे आणि तिथेच, माझ्या मते, शब्दाचा प्राण गेला आहे. काकतालीयाला पाहणारा लागत नाही, फळ कोणी पाहिले नाही तरी पडतेच. घुणाक्षराला मात्र वाचणारा हवा आणि तोही ती लिपी जाणणारा. लिंकन आणि केनेडी ही आडनावे रोमन लिपीत सात-सात अक्षरांची आहेत, म्हणून यादी हरखून जाते. देवनागरीत लिहिली तर ती तीन-तीन अक्षरांची होतात आणि हरखायला नवे कारण मिळते.

आपल्याकडचे उदाहरण याहून सुंदर आहे. महाभारताचे एक नाव ‘जय’. अक्षरांना अंक देण्याच्या कटपयादी पद्धतीत ज म्हणजे 8 आणि य म्हणजे 1, अंक उजवीकडून वाचायचे, म्हणजे 18. आणि पर्वे 18, युद्धाचे दिवस 18, अक्षौहिणी 18, गीतेचे अध्यायही 18! हे कवीने मुद्दाम योजले असे छातीठोकपणे सांगणारे विद्वान आहेत, पण ही पद्धत आपल्याला स्पष्टपणे भेटते ती सातव्या शतकातील ज्योतिर्विद हरिदत्तांच्या ग्रंथात आणि महाभारत त्याहून कितीतरी जुने आहे. ग्रंथभर पसरलेले 18 कवीचे असतील. नावातले 18 हे शुद्ध घुणाक्षर आहे.

लिंकन-केनेडी यादीतील सगळ्याच नोंदींना मात्र हा मानही देता येत नाही. दोघांच्या जागी आलेले जॉन्सन 1808 आणि 1908 साली जन्मले, हे खरे. केनेडींच्या सचिव एव्हलिन लिंकन होत्या, हेही खरे. पण लिंकनचे सचिव जॉन निकोले आणि जॉन हे (Hay) या नावांचे होते, यादी म्हणते तसे केनेडी नावाचे नव्हे. आणि लिंकनचा मारेकरी बूथ याचा जन्म 1838 चा असताना केनेडींचा मारेकरी ऑस्वाल्ड याच्या 1939 शी जुळावा म्हणून यादीत 1839 लिहिलेले असते. ही रेघ किड्याने पोखरलेली नाही, माणसाने चाकू घेऊन कोरलेली आहे, आणि त्याला मराठीत बनावट हा सरळ शब्द आहे.