एकटीच्या विक्का साधनेत संगीत आणि भावना कशा आणाव्यात?

तुम्ही लिहिलंय की गेले सहा महिने घरातले झोपल्यावर तुम्ही मेणबत्ती लावता, मोबाईलवर एक तयार प्लेलिस्ट लावून बसता, आणि बहुतेक वेळा आत काहीच हलत नाही. मागच्या पौर्णिमेला मात्र असं रडू कोसळलं की घाबरून सगळं गुंडाळून ठेवलंत. आता विचारताय, संगीत चालू ठेवावं का, आणि ज्या मैत्रिणीने फसवलं तिच्यावरचा राग विधीत आणला तर चालेल का.

मी मूळची मिरजेची. चौदा वर्षं इंग्लंडात राहते, त्यातली नऊ वर्षं विक्काची, म्हणजे विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये पुढे आलेल्या, निसर्ग आणि जादूविधी मानणाऱ्या पंथाची साधना एकटीने करते. तुमचं रडणं वाचून मला माझीच एक रात्र आठवली, ती पुढे सांगते. आधी एक गोष्ट. काहीच न वाटणं आणि एकदम कोसळणं, या दोन्हींचं मूळ एकच आहे: गाणं तुम्हाला चालवतंय, तुम्ही गाण्याला चालवत नाही आहात.

ही साधना ज्यांनी लोकांपुढे आणली त्यांचा भर मागे वाजणाऱ्या संगीतावर नव्हता. ब्रिटनमधला १७३५ चा जादूटोण्याविरुद्धचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून विक्का जगासमोर मांडलं. शक्ती जागवण्याचे जे आठ मार्ग ते सांगत, त्यांत नाच आणि मंत्रोच्चार आहेत. म्हणजे स्वतःचे पाय आणि स्वतःचा गळा. त्यांच्या गटात १९५३ मध्ये आलेल्या डोरीन व्हॅलिएन्टे यांनी विधींच्या वहीतला उसना मजकूर ओळखला, बराचसा बाजूला काढला आणि त्या जागी स्वतःच्या कविता लिहिल्या. त्यांतल्या काही कविता वर्तुळात फिरत म्हणायला केलेल्या आहेत, वाचायला नाहीत. मनातल्या मनात वाचल्या तर साध्या वाटतात. पाय आपटत मोठ्याने म्हणा, तिसऱ्या फेरीला श्वास आणि शब्द एकाच ठेक्यावर येतात. गार्डनर सांगत की १९४० मध्ये जर्मन आक्रमणाची भीती असताना दक्षिण इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्ट या जंगलात काही जणांनी असाच नाचत, मंत्र म्हणत विधी केला होता. त्याला दुसरीकडून पुरावा मिळत नाही. पण त्या कथेत भीती कुठून आली हे कुणाला विचारावं लागत नाही. ती प्रत्येकाच्या घरात होती. त्यांनी तिला फक्त एक ठेका दिला.

गटात एक सोय असते, तिची किंमत मला फार उशिरा कळली. ठेका वाढत जातो, आवाज चढतात, आणि कोणीतरी एक जाणती व्यक्ती तो कुठवर न्यायचा हे पाहत असते. तिने थांबवलं की सगळे थांबतात. मग जमिनीला हात टेकवायचे, उरलेली शक्ती खाली जाऊ द्यायची आणि काहीतरी खायचं-प्यायचं. एकटीला हे सगळं स्वतःच करावं लागतं. वाहून जायचं पण तुम्हीच आणि काठावर उभं राहायचं पण तुम्हीच. म्हणून एकटीने करताना गाण्याची निवड जास्त जपून करावी लागते.

आता माझी ती रात्र. बाबा गेले तेव्हा मला वेळेत मिरजेला पोचता आलं नाही. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, सॅवनच्या रात्री, जेव्हा या परंपरेत गेलेल्यांची आठवण करतात, मी बाबा रोज दाढी करताना गुणगुणायचे ते गाणं लावलं. पुन्हा पुन्हा लावलं. मला वाटलं, जितकं रडेन तितकी साधना खोल. दीड तास झाला, मेणबत्ती संपली, गाणं चालूच. मी काही न आवरता, काही न खाता तशीच झोपले. पुढचे तीन दिवस मला कामावर जाता आलं नाही; स्वयंपाकघरात उभं राहिलं तरी तेच सूर कानात. माझा हेतू काय होता, बाबांना काय सांगायचं होतं, यातलं एक अक्षरही त्या दीड तासात मी बोलले नव्हते.

त्यातून मी जे शिकले ते तुम्हाला सरळ सांगते. ज्या गाण्यात आधीच कोणीतरी राहतंय, ते गाणं विधीत आणू नका. ते तुमचं ऐकणार नाही, त्याच्या मालकाकडेच तुम्हाला घेऊन जाईल. तुमच्या प्लेलिस्टमधलं तसं एखादं गाणं मागच्या पौर्णिमेला लागलं असेल, तर रडू का आलं याचं उत्तर तिथेच आहे. आणि बाकीची गाणी कोरडी का जातात? कारण ती दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्याच मनःस्थितीसाठी निवडलेली आहेत, दर चार मिनिटांनी भाव बदलतो, मध्येच जाहिरात येते. एवढ्यात कोणाचं मन बसेल?

पुढच्या वर्षी त्याच रात्री मी तंबोरा घेतला. मिरजेचाच आहे, सतारमेकर गल्लीतून आणलेला, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा. विक्कात तंबोरा कुठून आला असं कोणी म्हणेल. मी राग गात नाही विधीत, ते शास्त्र वेगळं आणि त्याचा मान वेगळा. पण तंबोऱ्याला स्वतःचं सुख-दुःख नसतं. जवारी, म्हणजे तारेला गुंजन देणारी घोडीवरची घासणी, नीट लागली असेल तर तो फक्त जागा भरून टाकतो, आणि त्या जागेत जे तुमच्याकडे आहे तेच वर येतं. मी त्यावर आधी नुसतं गुणगुणले. मग बाबांना सांगायच्या दोन ओळी, मीच जुळवलेल्या, म्हणत राहिले. पाच-सात मिनिटांत आवाज आपोआप चढला, एका जागी भरून आला, आणि तिथे मी तारांवर हात ठेवला. जी शांतता झाली त्या शांततेत मी त्यांना म्हटलं, मी येऊ शकले नाही. एवढंच. ती शांतता हाच विधीचा गाभा होता, असं मला आजही वाटतं.

तुमच्याकडे तंबोरा नसेल, त्याने काही अडत नाही. मांडीवर हाताने ठेका धरा. सुरुवातीला चालण्याच्या गतीने, मग हळूहळू जलद. मायकल हार्नर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाच्या शामानिक पद्धतीत, म्हणजे ठेक्यावर तंद्री लावण्याच्या साधनेत, ढोल मिनिटाला २०५ ते २२० ठोक्यांपर्यंत नेतात, पण ती वेगळी साधना, तिथे सोबतीला ढोल वाजवणारं माणूस असतं. एकटीने तेवढं जलद जाऊ नये असं माझं मत. वाढदिवसाच्या केकवरची छोटी मेणबत्ती घ्या. ती थोड्याच मिनिटांत संपते. ती संपली की तुम्हीही थांबायचं, भाव कितीही दाटलेला असो. काठावरचं माणूस म्हणजे ती मेणबत्ती.

शब्द मराठीत बांधा. इंग्रजी मंत्र त्यांच्या यमकांवर चालतात, त्यांचं भाषांतर लंगडतं. आपल्याकडे जात्यावरची ओवी आहे: दोन ओळी, हाताची एक फेरी, आणि त्यात माहेर, सासर, लेक, दुःख, सगळं. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या बायका काही विक्का करत नव्हत्या, आणि त्यांना तसं म्हणणं मला पटणार नाही. पण जे कोणाला सांगता येत नाही ते श्रम, लय आणि दोन ओळी यांच्यात कसं ठेवायचं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. माझी आजी दळताना रडायची, आणि पीठ संपलं की डोळे पुसून भाकऱ्या थापायला बसायची. शक्ती उतरवणं म्हणजे काय, हे मला पुस्तकात वाचण्याआधी तिथे दिसलं होतं.

रागाबद्दल. राग आणा, पण मैत्रिणीचं नाव आणू नका. कोणाचं वाईट होणार नसेल तर हवं ते करा, हा विक्काचा नियम व्हॅलिएन्टे यांनी १९६४ मध्ये जाहीर भाषणात सांगितला आणि मी तो पाळते. पण मला त्याहून जवळचं कारण वाटतं ते असं, की ठेक्यावर एखाद्याचं नाव पन्नासदा घेतलं की तेच नाव तुमच्या अंगात बसतं. मी एकदा तसं केलंय आणि त्या व्यक्तीला विसरायला मला उलट जास्त दिवस लागले. त्याऐवजी 'माझा विश्वास मला परत' अशा अर्थाची ओळ करा आणि त्या ओळीत हवा तेवढा राग ओता. शिवाय तुम्ही महाराष्ट्रात आहात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो असायलाच हवा. करणी केली म्हणून बायकांना मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, हे आपण सगळे जाणतो. तुमची साधना तुमच्यापुरती ठेवा. दुसऱ्यासाठी करून देऊ नका, पैसे घेऊ नका, कोणाला त्याची भीती घालू नका.

येत्या पौर्णिमेला मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. रडू आलं तर येऊ द्या, फक्त मेणबत्तीबरोबर संपवा. दोन्ही तळवे फरशीवर टेकवा, पाणी प्या, दहीभात किंवा भाकरीचा तुकडा, काहीतरी मीठ असलेलं खा, दिवा लावा, आणि मगच झोपा. पुढचे आठ-पंधरा दिवस रडू थांबलं नाही तर विधी बंद ठेवून डॉक्टरांकडे जा, त्यात साधनेचा काही कमीपणा नाही. आणि त्या दोन ओळी जमल्या की मला इथे लिहून पाठवू नका. त्या तुमच्याकडेच राहू देत.