नऊ ग्रॅम पाण्यात हायड्रोजनचे अणू किती?

प्रश्न : ९ ग्रॅम पाण्यातले हायड्रोजनचे अणू काढताना मी ९ ला ॲव्होगॅड्रो अंकाने गुणतो. उत्तर चुकतं. का?

उत्तर : ग्रॅमवरून थेट कणांवर जाता येत नाही, मधे मोल लागतोच; मोल म्हणजे ॲव्होगॅड्रो अंकाइतक्या, म्हणजे ६.०२२ × (१० चा २३ वा घात) इतक्या कणांचा गट. पाण्याचं मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं वस्तुमान, १८ ग्रॅम, म्हणून ९ ग्रॅम म्हणजे ०.५ मोल. त्याला ६.०२२ × (१० चा २३ वा घात) ने गुणा, ३.०११ × (१० चा २३ वा घात) रेणू मिळाले. बरेच विद्यार्थी इथेच थांबतात आणि मला हळहळ वाटते, कारण विचारले होते अणू! प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन, म्हणजे दुप्पट करा : ६.०२२ × (१० चा २३ वा घात). मी वर्गात प्रत्येक आकड्यापुढे एकक आणि कणाचं नाव लिहायलाच लावते : 'मोल पाणी', 'हायड्रोजन अणू'. मग ग्रॅम कुठे कटले ते स्वच्छ दिसतं.