सर्जरी कॅम्पमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थिनीला खरंच काही शिकायला मिळतं का?

तुम्ही इंदूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात. बाहेरगावचे सर्जन येऊन दुभंगलेले ओठ आणि टाळू (तोंडातलं वरचं छत) यांची मोफत ऑपरेशनं करणार आहेत. तिथे स्वयंसेवक म्हणून जावं का, की नुसती रांग सांभाळायला लावतात, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा. फक्त होकार देण्याआधी आयोजकांना विचारा, पथक गेल्यानंतर दहाव्या दिवशी या मुलांना तपासणार कोण? त्यांनी एखाद्या इथल्याच माणसाचं नाव सांगितलं, तर त्या कॅम्पमध्ये शिकायला मिळेल.

मी इंदूरलाच ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची, सिस्टर होते आणि अशा कॅम्पांत बरीच वर्षं काम केलंय. आमच्याकडे मुलं यायची ती झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानीकडून. आई मूल पदराखाली झाकून आणते, कारण ग्रहणात बाहेर पडलीस म्हणून असं झालं, हे तिला घरात ऐकवलेलं असतं. ओठ आणि टाळू गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत जुळतात, ते जुळायचं राहून गेलं. ग्रहणाचा काही संबंध नाही. हे सासूच्या आणि नवऱ्याच्या समोर सांगावं, एकट्या आईला सांगून उपयोग नसतो.

ओठाच्या ऑपरेशनसाठी सर्जन लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: वय 10 आठवडे, वजन 10 पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन 10 ग्रॅम. वजनापाशीच कितीतरी मुलं अडतात. टाळू उघडी असली की बाळाला ओढून पिता येत नाही, दूध नाकातून येतं, आई घाबरून पाजणंच कमी करते. अशा बाळाला जवळजवळ बसतं धरून वाटी-चमच्याने किंवा आपल्या घरातल्या बोंडल्याने घोट-घोट पाजायचं आणि मध्येमध्ये ढेकर काढायचा. आईच्या हातून दोन-तीनदा करून घेतल्याशिवाय तिला उठू देऊ नका. आठवडाभरासाठी आलेल्या सर्जनकडून हे होणार नाही, ते इथल्या नर्सनेच करायचं आहे.

ऑपरेशन बघायला टेबलाभोवती सगळेच गर्दी करतात. तुम्ही रिकव्हरी, म्हणजे ऑपरेशननंतर मूल शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात ती खोली, मागून घ्या. टाळूच्या ऑपरेशननंतर घशात रक्त आणि लाळ साचते, सूज असते, आणि मूल अजून गुंगीत असतं. त्याला कुशीवर ठेवणं, हलक्या हाताने सक्शन, म्हणजे नळीने ते ओढून काढणं, ऑक्सिमीटरवरून नजर न काढणं, हे सगळं तिथे शिकता येतं. ओठ निळे पडायची वाट बघू नका, डोळ्यांना दिसेपर्यंत ऑक्सिजन बराच उतरलेला असतो. मुलाने तोंडात बोटं घालू नयेत म्हणून कोपरांना पट्ट्या बांधतात, त्या किती सैल हव्यात हे बांधूनच कळतं.

चांगलं पथक पहिल्या दिवशी करून दाखवतं, मग तुमच्या हातून करून घेतं, आणि शेवटी शेवटी इथलाच स्टाफ खोली चालवतो, पाहुणे मागे उभे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची सुरक्षा-यादी, म्हणजे भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि मूल ओटीबाहेर नेण्याआधीची पडताळणी, ती मोठ्याने वाचायचं काम इथल्या सिस्टरकडे देतं. याउलट एका कॅम्पमध्ये आमच्या स्टाफला फक्त स्ट्रेचर ढकलायला ठेवलं होतं. जाताना त्यांनी मॉनिटरही नेले, केसपेपरही नेले. पुढे एका मुलाच्या टाळूचे टाके सुटून भोक पडलं, आईबाप त्याला आमच्याकडे घेऊन आले, आणि काय केलं होतं याची एक ओळ आमच्याजवळ नव्हती. त्याचा राग मला अजून आहे.

ऑपरेशन स्माइल ही संस्था 1982 साली फिलिपिन्समधल्या अशाच एका दौऱ्यातून उभी राहिली. तिथे आलेल्या बहुतेक मुलांना वेळेअभावी परत पाठवावं लागलं होतं. त्याच संस्थेने 2011 मध्ये गुवाहाटीला कायमचं केंद्र सुरू केलं. स्माइल ट्रेन या दुसऱ्या संस्थेने 1999 पासून स्थानिक सर्जनांनाच शिकवायचं आणि पैसा पुरवायचा हा मार्ग धरला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2015 मध्ये सांगितलं की जगातल्या 5 अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. एवढी गरज दौऱ्यांनी कशी भागणार? म्हणून शिकलेली सिस्टर मागे राहणं मला ऑपरेशनांच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

कॅम्पमधून परत पाठवलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, गाव आणि गावातल्या आशाताईचा फोन वेगळ्या वहीत लिहून ठेवा. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ओठ-टाळूचे उपचार मोफत आहेत, त्याची नोंद जिल्हा रुग्णालयातून करता येते. टाळूचं ऑपरेशन झालेल्या मुलांना पुढे स्पीच थेरपी लागते, तीही त्याच वहीत लिहा. कॅम्प संपला की पहिला फोन आशाताईला करा. घरच्यांशी त्यांच्या बोलीत तीच नीट बोलू शकते.