‘वन कट ऑफ द डेड’ला समीक्षकांनी एवढं डोक्यावर का घेतलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समीक्षकांची परीक्षणं गोळा करून टक्केवारी देणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर शंभर टक्के दिसले म्हणून हा जपानी झोंबीपट लावला, अर्धा तास बेसुमार आरडाओरडा, कच्चा अभिनय आणि गदगदा हलणारा कॅमेरा सोसला, मग बंद केला. समीक्षकांना यात दिसलं तरी काय? की गरिबीत काढलेला पिक्चर म्हणून कौतुकाचे चार गुण वाढवून दिले?

तुम्ही जिथे बंद केलात तिथून पाच-सात मिनिटांवर श्रेयनामावली येते. 37 मिनिटांचा सलग शॉट संपतो, नावं वर सरकायला लागतात, आणि पिक्चर अजून जवळजवळ तासभर शिल्लक असतो. परीक्षणांतलं कौतुक आहे ते या उरलेल्या तासाचं. त्यामुळे पुढे वाचाल तर रचना थोडी फुटेल. शेवटच्या अर्ध्या तासातल्या गमती मात्र मी सांगणार नाही.

श्रेयनामावलीनंतर गोष्ट महिनाभर मागे जाते. हिगुराशी नावाचा एक दिग्दर्शक आहे. ‘झटपट, स्वस्त, दर्जा बेताचा’ ही त्याची स्वतःची जाहिरात. एका नव्या झोंबी वाहिनीला अर्ध्या तासाचा झोंबीपट हवाय, तोही थेट प्रक्षेपणात आणि एकाच शॉटमध्ये. शहाणा माणूस असल्या कामाला हात लावत नाही, म्हणून ते हिगुराशीच्या गळ्यात पडतं. मग तिसऱ्या भागात तुम्ही पाहिलेला तोच सलग शॉट पुन्हा दिसतो, पण या खेपेला कॅमेऱ्याच्या मागून.

तुम्हाला खटकलेली एक जागा आठवून पाहा. बाहेर झोंबी आहेत, दारावर धाडकन काहीतरी आदळतं, आणि आतली माणसं एकमेकांना छंद काय विचारत बसतात. मध्ये अवघडलेल्या शांतता. वाटतं, लेखकाला संवाद सुचलेले नाहीत. पुढे एका जागी कॅमेरा जमिनीवर पडतो आणि बराच वेळ तसाच पडून राहतो. नायिकेला ऐन वेळी कुऱ्हाड सापडते आणि नशीब चांगलं म्हणून ती तसं बोलूनही दाखवते. या प्रत्येक भिकार क्षणाला पलीकडून कारण आहे, आणि ते कळतं तेव्हा हसून पुरेवाट होते. कॉलेजात एकांकिका स्पर्धेला ज्यांनी बॅकस्टेज केलंय, ऐन प्रयोगात प्रॉपर्टी हरवलेली ज्यांनी निभावून नेलीय, त्यांना हा भाग जरा जास्तच लागेल.

आता पैशांचं. दिग्दर्शक शिनइचिरो उएदाचा हा पहिलाच एकट्याने केलेला पूर्ण लांबीचा चित्रपट. तोक्योतल्या एनबू सेमिनार या अभिनय-दिग्दर्शन शिकवणाऱ्या संस्थेच्या कार्यशाळेतून तो झाला. खर्च सुमारे 30 लाख येन, म्हणजे तेव्हाच्या भावाने अठरा-वीस लाख रुपये. ओळखीचा चेहरा एकही नाही. पण ‘एवढ्या पैशांत एवढं केलं’ ही सवलत समीक्षकांनी दिली असं मला वाटत नाही, कारण तशी सवलत द्यायची वेळच येत नाही. इथे दारिद्र्य हाच कथेचा विषय आहे. साधनं नाहीत, माणसं धड नाहीत, वेळ नाही, आणि थांबता तर येतच नाही. जपानी नावाचा अर्थही ‘कॅमेरा थांबवू नका’ असाच आहे. चकचकीत सेट आणि नावाजलेले नट असते तर ही गोष्ट उभीच राहिली नसती.

स्वागत एका दिवसात झालेलं नाही, हेही बघा. नोव्हेंबर 2017 मध्ये तोक्योत फक्त सहा दिवस तो दाखवला गेला. एप्रिल 2018 मध्ये इटलीतल्या उदिने इथल्या आशियाई चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांच्या मतदानात दुसरा आला. 23 जून 2018 ला जपानमध्ये रीतसर लागला तोही तोक्योतल्या दोनच थिएटरांत. लोक बाहेर येऊन सांगायचे, ‘काही विचारू नकोस, फक्त जा,’ आणि स्वतः पुन्हा तिकीट काढायचे. नंतर मोठ्या वितरकाने हात दिला, थिएटरं तीनशेच्या वर गेली, वीस लाखांहून जास्त तिकिटं खपली आणि गल्ला 300 कोटी येनच्या पुढे गेला. खर्चाच्या हजारपट!

समीक्षकांची यातली मेहेरबानी कोणती, तर त्यांनी तोंड आवरलं. बहुतेक परीक्षणांत पहिल्या 37 मिनिटांचं वर्णन, ‘धीर धरा’ एवढी विनंती, आणि पुढे गोल गोल भाषा. तुमच्यासारख्यांची फसगत होते ती नेमकी इथे. परीक्षण वाचून गेलेल्याला धीर धरायचं ठाऊक असतं; नुसती टक्केवारी बघून बसलेल्याला ते कोणीच सांगितलेलं नसतं.

आणि त्या टक्केवारीचा अर्थही लोक भलताच लावतात. शंभर टक्के म्हणजे शंभरपैकी शंभर गुण नव्हेत. मोजलेल्या परीक्षणांपैकी किती जणांचा कौल अनुकूल आहे, एवढंच तो आकडा सांगतो. ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हणणारा आणि ‘दशकातला सर्वोत्तम’ म्हणणारा, दोघांचं मत सारखंच धरलं जातं. शिवाय असला छोटा, सबटायटलवाला झोंबीपट मुद्दाम जाऊन पाहणारे समीक्षक बहुतेक याच प्रकारात रमणारे. ज्यांना झोंबी बघूनच कपाळशूळ उठतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिलाच नसणार. बऱ्याच जणांनी तो महोत्सवात, भरलेल्या थिएटरात, दोन-तीनशे माणसांच्या हशात पाहिला, हेही धरा. लॅपटॉपवर एकट्याने पाहण्याशी त्याची तुलना होत नाही.

दोष आहेत. मधला भाग मला सैल वाटतो. दारूडा नट, नखरेल तरुण हिरो, पोट बिघडलेला कलाकार, सगळे एकेका खोडीवर उभे केलेत. पुढे त्या खोड्या वापरायच्या आहेत हे लपत नाही. बाप-लेकीचा धागाही सरळसोट. शेवटी तोच धागा डोळ्यांत पाणी आणतो, ही गोष्ट वेगळी.

जपानमधल्या मानाच्या अकादमी पुरस्कारांत त्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन होतं. तो पुरस्कार दिग्दर्शक कोरे-एदांच्या ‘शॉपलिफ्टर्स’ने नेला. याला मिळाला संकलनाचा! एका शॉटसाठी गाजलेल्या पिक्चरला संकलनाचा पुरस्कार, ही मला अकादमीची सगळ्यात अचूक दाद वाटते, कारण खरी करामत दोन बाजू एकमेकींत बसवण्याचीच आहे. यशाबरोबर वादही आला: कल्पना आपल्या नाटकावरून घेतली असा एका नाट्यदिग्दर्शकाचा दावा होता. तो सामंजस्याने मिटला आणि मूळ कल्पनेचं श्रेय दोघांना मिळालं.

2022 मध्ये दिग्दर्शक मिशेल अझानाविसियूसने याचा फ्रेंच रिमेक केला. त्याने कान महोत्सवाचं उद्घाटन झालं, नट मोठे, बजेट कित्येक पट, गोष्ट जवळपास तीच. परीक्षणं मिळाली बरी-वाईट. निर्मातीच्या भूमिकेतली मूळ जपानी नटी तिथेही आहे आणि ती धमाल करते, पण तिथला मुख्य नट रोमाँ द्यूरिस जेव्हा ‘वाईट’ अभिनय करतो तेव्हा तो करतोय हे दिसतं. मूळ चित्रपटात पहिल्या खेपेला ते कळत नाही. तुम्हालाही कळलं नाही, आणि ते दिग्दर्शकाचं यश आहे.

तर रिमेक आधी बघू नका. पाहिलेला अर्धा तास डोक्यात ताजा असेल तर तिथूनच पुढे लावा. महिना उलटला असेल तर पहिल्यापासून, कारण त्या खटकलेल्या जागा आठवल्या नाहीत तर तिसरा भाग वाया जातो. जमल्यास तीन-चार जण मिळून बघा. आणि दुसऱ्यांदा नावं सुरू झाली की उठू नका, तो सलग शॉट खरोखर घेतानाची दृश्यं तिथे आहेत.