देवरुखच्या ताईंचे तीस डाव

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. बुद्धिबळ लहानपणी आजोबांकडून शिकले, मग चाळीसेक वर्षं पटाला हात लागला नाही. गेल्या वर्षी भाच्याने मोबाइलवर लिचेस हे ऑनलाइन बुद्धिबळाचं संकेतस्थळ सुरू करून दिलं. तेव्हापासून रोज रात्री जेवणं आटोपली की अरीना स्पर्धा खेळते, बहुतेक तीन मिनिटांच्या. चौदा महिन्यांत साधारण १९०० डाव झाले. ब्लिट्झचं, म्हणजे अशा झटपट डावांचं, रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) सुरुवातीला १५३४ वर स्थिरावलं होतं, आज १५४९ आहे. मध्यंतरी एकदा १६३० ला पोचले आणि आठवड्याभरात खाली आले. ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, व्हिडिओ पाहते, वहीत उतरवूनही घेते. हे वयामुळे होतंय की माझंच काही चुकतंय? हरलेले तीस डाव सोबत पाठवले आहेत.
– एक वाचक, देवरुख

उत्तर : ताई, तुमचे तीसही डाव मी लाकडी पटावर मांडून पाहिले. त्याला दोन रविवार लागले आणि ते फार आनंदात गेले, कारण तुमच्या खेळात धीटपणा आहे. प्यादं देऊन हल्ला चढवायला तुम्ही कचरत नाही. सांगलीत गेली बावीस वर्षं मी मुलांना शिकवतो आहे, पण हा धीटपणा मला कुणाला शिकवता आलेला नाही. तो मुळातच असावा लागतो.

आता हिशोब. तीसपैकी १३ डाव तुम्ही वेळ संपून हरलात, आणि त्यातल्या आठ डावांत तुमची बाजू बरोबरीची किंवा चांगली होती. नऊ डावांत राजा मधल्या पट्टीवर अडकून पडला. पाच डाव हत्तींच्या अंतिम अवस्थेत गेले. उरलेल्या तीन डावांत मोहरं फुकट गेलं, ते सगळ्यांचंच जातं. म्हणजे ओपनिंगच्या चाली विसरल्यामुळे हरलात असा एकही डाव मला सापडला नाही. त्या व्हिडिओंवर तुमच्या संध्याकाळी खर्च होताहेत, पण डाव दुसरीकडेच निसटताहेत.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट दिसली. प्रत्येक डावावर सुरू झाल्याची वेळ असते. मी तुमच्या खात्यात जाऊन पाहिलं, तर या तीसपैकी सव्वीस डावांनंतर तुमचा पुढचा डाव एका मिनिटाच्या आत सुरू झाला आहे. हरलेल्या डावाकडे तुम्ही वळून पाहिलेलंच नाही. चौदा महिने रेटिंग जागच्या जागी राहण्याचं माझ्या मते हे सर्वांत मोठं कारण आहे.

यात दोष सगळा तुमचा नाही, अरीनाची रचनाच तशी आहे. ठरलेल्या वेळात जितके डाव होतील तितके खेळायचे. जिंकलं की २ गुण, बरोबरीला १. लागोपाठ दोन डाव जिंकले की नावाशेजारी ज्वाला पेटते आणि त्यानंतरचे गुण दुप्पट, जिंकत राहाल तोवर. बर्सर्कचं बटण दाबून स्वतःची वेळ निम्मी करून जिंकलात तर आणखी एक गुण. या मांडणीत थांबणाऱ्याचं नुकसान होतं. हरलेला डाव उघडून पाच मिनिटं पाहत बसलात तर तेवढ्यात बाकीचे दोन डाव खेळून पुढे जातात. अरीना मलाही आवडते, आमच्या क्लासची मुलंही दर शनिवारी खेळतात. पण तिथे आपण आपल्याजवळ आहे तेच वापरतो. नवं शिकायला सवड मिळत नाही.

म्हणून तीन मिनिटांची अरीना आठवड्यातून एकच रात्र ठेवा. लिचेसवर टीममध्ये सामील झालं की स्विस स्पर्धा खेळता येतात. फेऱ्या ठरलेल्या असतात आणि एका प्रतिस्पर्ध्याशी एकदाच गाठ पडते. १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीला १० सेकंद वाढीव, अशी स्पर्धा शोधा. डाव लवकर संपला तर पुढच्या फेरीपर्यंत रिकामा वेळ मिळतो. तेव्हा चहा ठेवा आणि नुकताच खेळलेला डाव खऱ्या पटावर मांडा. मोबाइलवर नको. इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणकाचा प्रोग्रॅम, तर आधी मुळीच उघडू नका. कुठल्या चालीला आपल्याला पहिल्यांदा अवघडल्यासारखं वाटलं, तेवढं एक वाक्य वहीत लिहा. अक्षर सुंदर असेलच तुमचं. इंजिनला विचारायचं ते त्यानंतर. इंजिन आधी उघडलं की ते उत्तर सांगून मोकळं होतं आणि आपला प्रश्न काय होता तेच आपल्याला कळत नाही.

१५ अधिक १० हा वेळ रॅपिड या, ब्लिट्झहून लांब डावांच्या, प्रकारात मोडतो. लिचेस डाव ४० चालींचा धरून हिशोब करतं : ९०० सेकंद आणि वर ४०० सेकंद. रॅपिडचं रेटिंग ब्लिट्झपेक्षा वेगळं असतं. तुमचं नवं म्हणून सुरुवातीला त्यापुढे प्रश्नचिन्ह दिसेल आणि आकडा एकेका डावात मोठ्या उड्या मारेल. घाबरू नका. स्विसमध्ये जिंकत गेलात की समोर वरचढ माणसं येतात. आपल्यापेक्षा २०० ने वर असलेल्याशी चार डाव खेळले तर गणिताने आपल्याकडून साधारण एकाच गुणाची अपेक्षा असते. त्याच्याशी लागोपाठ दोन हरलात तरी खेळ बिघडला असं समजू नका. तसंच १६३० चं. तो आकडा एका चांगल्या आठवड्याचा होता, तुमची घसरण झालेली नाही.

आता राजाचं. आजोबांकडून शिकलात हे वाचलं आणि नऊ डावांचं कोडं सुटलं. आजोबा देशी पद्धतीने खेळत असणार. त्या पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते. डाव संथपणे उघडतो आणि राजाला निसटायची वाट शिल्लक असते, त्यामुळे त्याला हलवायची घाई कुणी करत नाही. आजोबांचं शिकवणं त्या नियमांना धरून अगदी योग्य होतं. माझे पहिले गुरू म्हणजे सांगलीच्या गावभागातले आमचे शेजारी, तेही तसेच खेळत. ती सवय सुटायला मला दोन वर्षं लागली. आजच्या नियमांत प्यादी दोन घरं उडी घेतात, मधल्या पट्ट्या लवकर मोकळ्या होतात आणि चौदाव्या-पंधराव्या चालीला राजा ई पट्टीवरच उभा असेल तर त्याची शिकार होते. पुढचे वीस डाव एक नियम पाळा : दहाव्या चालीच्या आत कॅसलिंग (राजा दोन घरं हत्तीकडे सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवायची चाल). काही डावांत ते चुकीचंही ठरेल. ठरू द्या, आधी हाताला सवय लागू दे.

अंतिम अवस्थेबद्दल तुमचा तेवीस नंबरचा डाव सांगतो, कारण तो हरायला नको होता. तुम्ही काळ्या. तुमचा राजा ई-८, हत्ती बी-१. पांढऱ्याचा राजा डी-५, प्यादं ई-५, हत्ती एच-७. चाल तुमची, हातात अठरा सेकंद. तुम्ही हत्ती बी-८ वर आणलात, घर राखायला. मन असंच सांगतं, राजाजवळ पहारा हवा. पण पांढरा राजा ई-६ वर आला आणि डाव हातून निसटू लागला. आता पांढऱ्याला एच-८ वर मात करायची आहे. तुमचा राजा कुठल्याही बाजूला सरकला तरी तिथूनच शह बसतो आणि बी-८ वरचा हत्ती जातो. तेव्हाही वाचवणारी एकच चाल होती, हत्तीने बी-६ वरून शह.

हत्ती आधीच बी-६ वर हवा होता. सहाव्या रांगेवर तो उभा राहिला की पांढऱ्या राजाला पुढे येताच येत नाही. त्याने कंटाळून प्यादं ई-६ ला ढकललं की त्या क्षणी आपला हत्ती सरळ बी-१ वर परत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. राजाला ई-६ वर आडोसा मिळाला असता, पण तिथे आता त्याचंच प्यादं आहे. बरोबरी. अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाने हा बचाव ओळखला जातो. भाच्याला समोर बसवा, पांढरी त्याला द्या आणि त्याचा नाद सुटेपर्यंत ही स्थिती खेळा. एकदा हाताला बसली की अठरा सेकंदांतही चाल सुचते.

आणि वय. तीन मिनिटांच्या डावात बोट चपळ लागतं, तिथे कॉलेजमधली पोरं पुढे राहणार. १५ मिनिटांत बोटाचा प्रश्न राहत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तीस डाव पाठवा, यावेळी वहीतल्या वाक्यांसकट.

प्रश्न : ऑनलाइन माझं रॅपिड रेटिंग १७५० आहे. म्हणजे फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) साधारण तेवढंच येईल का? पहिली खुली स्पर्धा खेळायचा विचार आहे.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

उत्तर : तसं धरून जाऊ नका. दोन्ही आकडे वेगवेगळ्या खेळाडूंच्या गर्दीत, वेगवेगळ्या गणिताने तयार होतात, आणि ऑनलाइनचा आकडा बहुधा मोठा दिसतो. फिडेचं रेटिंग प्रत्यक्ष पटावरच्या मान्यताप्राप्त स्पर्धांतूनच मिळतं. पहिल्यांदा यादीत यायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान ५ डाव व्हावे लागतात. १ मार्च २०२४ पासून यादीतलं किमान रेटिंग १४०० आहे, त्यामुळे १४५० वाला म्हणजे नवखा असं समजून बसू नका.

स्पर्धेला जरूर जा, पण आधी पंधरा दिवस घड्याळ लावून लाकडी पटावर खेळा. ऑनलाइन खेळाडूची पहिली स्पर्धा बहुधा हातामुळे बिघडते. मोहऱ्याला हात लावला की तेच चालवावं लागतं. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच फेरीत विचार करता करता उंट बोटांत धरला, मोबाइलवर धरायचा तसा. त्या उंटाला एकच चाल होती आणि तिच्यात वजीर गेला. शिवाय चाली लिहायच्या असतात, आणि ज्या हाताने खेळलात त्याच हाताने घड्याळ दाबायचं असतं. हे सगळं सोपं आहे, फक्त आधी केलेलं असावं.

प्रश्न : प्रतिस्पर्धी इंजिन वापरतोय असा दाट संशय आला तर काय करावं? गेल्या महिन्यात अशा दोन डावांनंतर मी खेळणंच सोडलं.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : डाव संपल्यावर रिपोर्ट करा आणि विसरा. चॅटमध्ये आरोप करू नका, तो खोटा निघाला तर एका सज्जन माणसाचा अपमान झालेला असतो. लबाडी सिद्ध झाली तर लिचेस गेलेले रेटिंग गुण परत करतं. पण खेळणं सोडू नका. तुमचे बाकीचे शेकडो डाव प्रामाणिक माणसांशीच झालेले आहेत.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी ऑनलाइन १२०० ला पोचली आणि तेव्हापासून खेळायलाच तयार नाही. रेटिंग जाईल म्हणून रडते. मला स्वतःला बुद्धिबळ येत नाही.
– एक आई, चिंचवड

उत्तर : लिचेसच्या सेटिंगमध्ये रेटिंग न दाखवण्याची सोय आहे. तिच्यादेखत ते बंद करा, आणि ते आपण का करतोय हेही तिला सांगा. घरात, नातेवाइकांत, फोनवर, तिचा आकडा कुणी विचारायचा नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला तो अंतिम सामना बातुमीत झाला. तिथे दोन संथ डाव बरोबरीत सुटल्यावर जलद डावांत निकाल लागला. ते डाव तिला दाखवा. दिव्या जिंकल्यावर रडली होती, तेही दाखवा.

आणि रात्री जेवणानंतर पट मांडून तिला म्हणा, तुझा एक आवडता डाव मला शिकव. घोडा कसा चालतो तिथपासून सुरुवात करावी लागेल, तेही तिलाच शिकवू दे.