इंदूरकडच्या शरबती गव्हाची क्राफ्ट व्हिस्की चांगली होईल का, आणि ती प्यावी कशी?

तुम्ही लिहिलंय, देपालपूरकडे घरची शेती आहे, शरबती पिकतो, एवढा देखणा गहू मंडीत घालण्यापेक्षा त्याची व्हिस्की का करू नये. गव्हाची जरूर करा, शरबतीची करू नका. पोळीला जो उत्तम तोच व्हिस्कीला उत्तम, असं माझे साडूभाऊही मानतात, आणि त्या समजुतीपायी मी नोकरीत पुष्कळ ऐकून घेतलंय. म्हणून हे लांबणार.

मी मध्य प्रदेशातल्याच एका धान्य-डिस्टिलरीत प्रयोगशाळा सांभाळायचो, आता निवृत्त. मालकांच्या डोक्यात आलं की 'मालव्याचा शरबती' अशी लेबलं लावून छोट्या बॅचची गव्हाची व्हिस्की काढायची. लेबल आधी छापून आलं, गहू नंतर. गहू कुठून घ्यायचा याची घरात कुणकुण लागली आणि साडूंनी आपल्या गावचा ट्रक लावून दिला. दाणा खरंच असा, की हातात घेतला तर खाली ठेववेना. सोनेरी, चकचकीत, दाताखाली कट्टकन् फुटणारा. मी प्रथिनं तपासली तर साडेबारा टक्क्यांच्या वर. तेव्हाच लेखी कळवलं की हा पोळीचा गहू आहे, भट्टीचा नाही. उत्तर आलं, "साहेब, तुम्ही फक्त रिपोर्ट द्या."

दारू होते ती स्टार्चची, प्रथिनांची नाही. दाण्यात प्रथिनं वाढली की तेवढा स्टार्च कमी, म्हणजे अल्कोहोलचा उतारा कमी. हा तोटा नुसता कागदावरचा. खरा छळ पुढे होतो. बार्लीला टरफल असतं, मॅश (भरडलेलं धान्य आणि गरम पाण्याचा लगदा) गाळताना त्याचाच थर गाळणीचं काम करतो. गहू उघडा. त्यात गव्हातली चिकट द्रव्यं पाणी धरून ठेवतात. ६४ अंशांवर मॅश असा घट्ट झाला की पंप घुं घुं करत बंद पडला. ऑपरेटरने पाइप उघडला तर तोंडातून पिठाची दोरी लोंबत होती, तुटता तुटेना. कसंबसं फर्मेंटरमध्ये ढकललं, तर यीस्ट लागल्यावर फेस झाकणातून बाहेर, जिन्यावरून खाली. वाळल्यावर तो खरवडून काढावा लागला. तांब्याच्या भट्टीत तर गाळ तळाला लागला आणि अख्ख्या खेपेला करपल्याचा वास. मीटिंगमध्ये ठपका कुणावर? प्रयोगशाळेवर. आणि साडूंचं म्हणणं आजतागायत एकच: "गहू अव्वल होता, तुमच्या लोकांना भट्टी लावता येत नाही."

हा वाद खरं तर सासूबाईंनी एका वाक्यात मिटवला होता, पण बायकांच्या स्वयंपाकघरातलं शास्त्र कोण ऐकतो. उन्हाळी वाळवणं चालली होती, मी आपलं हे रडगाणं सांगत होतो. त्या म्हणाल्या, "शरबतीच्या कुरडया कोण घालतं? चीक कुठे पडतो त्याला? लोकवन आणायचा." गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक खाली बसतो तो स्टार्चच की! जास्त चीक देणारा गहू तोच जास्त दारू देणारा गहू. माझ्या लाखो रुपयांच्या उपकरणांनी ह्याहून वेगळं काही सांगितलं नव्हतं.

पुढची खेप आम्ही इंदूरच्या छावणी मंडीतून आणलेल्या लोकवनची लावली, सोबत टरफलासकट बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. माल्ट दोन कामांसाठी: त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात, आणि टरफलाने मॅश सुटा राहतो. ती खेप सरळ चालली. तरी लोकवन हाही काही व्हिस्कीचा आदर्श गहू नव्हे. खरा मऊ दाण्याचा, कमी प्रथिनांचा गहू आपल्याकडे फारसा पेरलाच जात नाही. इंदूरचं गहू संशोधन केंद्र १९५१ पासून आहे, 'एचआय' नावाच्या कितीतरी जाती तिथून आल्या, पण सगळा विचार पोळीचा, रव्याचा, पास्त्याचा आणि तांबेरा रोगाचा. त्यातली 'पूसा तेजस' तर कठिया, म्हणजे रव्या-पास्त्याचा कडक गहू, बाफल्यांना झकास. भट्टीत घालायचं मनातही आणू नका. स्कॉटलंडमध्ये मात्र ग्रेन व्हिस्की (नुसत्या बार्लीच्या माल्टची नव्हे ती) आज मुख्यतः गव्हाचीच होते, आणि तिथे डिस्टिलरीवाले मऊ, कमी प्रथिनांचाच गहू मागतात. अमेरिकेत 'व्हीट व्हिस्की' म्हणायला किमान ५१ टक्के गहू आणि आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप लागतं. हे साडूंना दाखवलं तर म्हणाले, "त्यांच्याकडे शरबती नाही म्हणून."

पैशाचंही ऐका. चांगल्या गव्हाच्या एका क्विंटलमधून साधारण ३८ लिटर शुद्ध अल्कोहोल निघतं. ४२.८ टक्क्यांच्या ७५० मिलीच्या बाटल्या केल्या तर ११८ च्या आसपास. पण आपल्या हवेत पिंपातून वर्षाला १० ते १२ टक्के उडून जातं (स्कॉटलंडमध्ये दोनेक टक्के), म्हणजे तीन वर्षांनी ८०-८५ बाटल्या. २०२५ च्या हंगामात सरकारी खरेदी बोनससकट २६०० रुपये क्विंटल होती. बाटलीमागे गहू पडला तीसेक रुपयांचा! उरलेली किंमत पिंपाची, वर्षांची, कराची आणि लेबलाची. तुमच्या शरबतीला मंडीत जो चढा भाव मिळतो तो भट्टी कधीच देणार नाही. तिला त्यातलं काही कळतच नाही.

चवीबद्दल विचारलंत. भट्टीतून नुकती उतरलेली गव्हाची दारू पहाटेच्या बेकरीसारखी वासाला येते. पिंपात दोन उन्हाळे काढले की मध, व्हॅनिला, जरासं सुकं खोबरं. अंगाने मऊ, घशाला ओरबाडत नाही, आणि शेवट लवकर संपतो. धूर-बीर शोधायला जाल तर निराश व्हाल. निमुळत्या तोंडाचा छोटा ग्लास घ्या, साध्या तपमानाचं पाणी चमचाभर, थोडं थांबा. बर्फ आणि सोडा घालायचाच असेल तर एवढा खटाटोप कशाला? बाजारातली मळीच्या स्पिरिटची स्वस्त व्हिस्की आहेच, जिला युरोपात व्हिस्की म्हणू देत नाहीत. आणि इंदूरकर मला मारतील, पण लौंग सेव, ती लवंगेची तिखट शेव, बाजूला ठेवा. तिच्यापुढे ही बिचारी उभी राहत नाही. इंदूरच्या सराफा बाजारातला भुट्ट्याचा कीस, मिरची बेताची, हिच्यासोबत जमतो.

ती लोकवनची खेप बाजारात आलीच नाही, लेबलावर 'शरबती' छापलेलं होतं ना! निवृत्त होताना मालकांनी एक बाटली दिली. भाचीचं लग्न ठरलं त्या संध्याकाळी गच्चीवर ती उघडली. साडूंनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बघा, शरबतीची बातच वेगळी." मी सांगितलं, लोकवन आहे. विश्वास नाही. बॅचचा कागद दाखवला. "कागद काय, तुम्हीच लिहिलेला."

एक राहिलंच, खरं तर आधी सांगायला हवं होतं. घरी किंवा शेतावर 'जरा करून बघू' म्हणून भट्टी लावायची नाही. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम १९१५ खाली तो सरळ गुन्हा आहे. परवान्याशिवाय काही नाही, आणि परवाना शेतकऱ्याच्या हौसेला परवडणारा नसतो. एखाद्या परवानाधारक डिस्टिलरीशी बोलून धान्य पुरवायचं, एवढाच तुमच्यापुढे रस्ता. विषारी दारूची भीती वाटत असेल तर धान्यातून मिथेनॉल अगदी थोडं येतं, बातम्यांतले बळी बहुधा बाहेरून मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलचे असतात. तरी भट्टीतून पहिल्यांदा उतरणारा भाग टाकूनच द्यायचा असतो, आणि तो किती हे ओळखणं यूट्यूबवर शिकायचं काम नव्हे.

तेव्हा शरबती घरच्या पोळ्यांना ठेवा, उरलेला मंडीत घाला. खरोखरच करायचं असेल तर येत्या रब्बीत एखादा बिघा लोकवन पेरा, नत्र हात राखून द्या म्हणजे प्रथिनं चढणार नाहीत, आणि दाण्याचा रिपोर्ट घेऊन डिस्टिलरीच्या खरेदीवाल्याला भेटा. रिपोर्टात प्रथिनं अकरा टक्क्यांच्या वर असतील तर पेट्रोल वाया घालवू नका.