वाचकांचे प्रश्न : शेंगदाणा आणि सोया दुधातला गाळ, थर, गोळे

प्रश्न : शेंगदाण्याचं दूध घरी करून विकतो. रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी तळाशी गाळ, मध्ये पाणी आणि वर पिवळसर थर. गवार गम (दूध दाट करणारी गवारीच्या बियांची भुकटी) वाढवत नेला तर दुधाला तार सुटते, गाळ मात्र बसतोच. किती घालावा? (पाचोरा)

वाढवू नका, आधी कमी करा. तुमच्या बाटलीत दोन वेगळे दोष आहेत. तळाला बसतात ते जाड राहिलेले कण. वर येतं ते तेल, कारण दाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचंच असतं. कण निम्म्या आकाराचा झाला की त्याचा बसण्याचा वेग चौथाईवर येतो. गमने दूध दुप्पट दाट केलं तरी वेग फक्त निम्मा होतो. म्हणून खरी मेहनत वाटण्यात आणि गाळण्यात घाला, गम शेवटी.

१ लिटर दुधाला १५० ग्रॅम दाणे घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे निवडून फेका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन उकळून जात नाही. साल सुटेल इतकेच मंद आचेवर भाजा. खरपूस भाजलेल्या दाण्यातली प्रथिनं तेलाला नीट धरून ठेवत नाहीत. पाखडून सालं काढा, ६ ते ८ तास भिजवा, ते पाणी ओतून द्या. आधी अगदी थोड्या पाण्यात मऊसूत वाटा, मग बाकीचं पाणी घाला. सगळं पाणी एकदम ओतलं तर दाणे पात्याखाली येत नाहीत आणि कणी राहते. १०० मेशच्या (इंचाला १०० छिद्रं असलेल्या) बारीक चाळणीतून आणि नंतर दुहेरी मलमलीतून गाळा. शेवटी चोथा जोर लावून पिळू नका, नको असलेले कण तेव्हाच कापडातून निसटतात. गाळलेला थेंब दोन बोटांत चोळून पाहा. कणी लागली तर पुन्हा गाळा.

आता वरच्या थरासाठी लेसिथिन (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ), लिटरला १ ते २ ग्रॅम, वाटतानाच घाला. गाळासाठी जेलन गम नावाची भुकटी, त्यातही 'हाय असाइल' प्रकारचा, लिटरला ०.३ ग्रॅम. जेलन दूध फारसं दाट करत नाही. दुधात त्याचं नाजूक जाळं तयार होतं, त्यात कण अडकून राहतात आणि ओतताना जाळं सहज मोडतं. चमच्याने मोजायची ही वस्तू नाही. जळगावच्या सराफ बाजारात दिसतो तसा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. जेलन १० ग्रॅम साखरेत कोरडाच मिसळा, थंड दूध घुसळत असताना वरून भुरभुरवा आणि ढवळत ८५ ते ९० अंशांवर ५ मिनिटं ठेवा. मग पातेलं थंड पाण्यात ठेवा आणि ४० अंशांखाली येईपर्यंत ढवळणं थांबवू नका. उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत भरून लगेच फ्रिजमध्ये. तोंडात दाटपणा हवाच असेल तर गवार गम लिटरला १ ग्रॅम, त्यापुढे नाही.

प्रश्न : जेलन मोजून घातला, तरी बाटलीत दूध खरवसासारखं बसलं. (शिरपूर)

बहुतेक तुम्ही गरम दूध बाटलीत भरून तसंच निवू दिलं. जेलनचं जाळं निवताना बांधलं जातं. तेव्हा हलवलं नाही तर सगळं दूध एकसंध गोठतं. दुसरी शक्यता अशी की पाकिटात 'लो असाइल' जेलन आहे. तो कॅल्शियमवर घट्ट होतो, आणि बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम भरपूर. पाकिटावरचा प्रकार वाचा, आरओचं पाणी वापरा. हाय असाइल असेल तर दूध पुन्हा ८५ अंशांपर्यंत तापवून ढवळत निववा, सुधारतं. लो असाइलचं मात्र मिक्सरमधून फिरवून घरीच संपवा.

प्रश्न : गवार गमचे गोळे होतात. (नंदुरबार)

गमच्या कणाला पाणी लागताच बाहेरून चिकट कवच धरतं, आतली भुकटी कोरडीच राहते. गमच्या ८ ते १० पट साखरेत मिसळून, चालू मिक्सरमध्ये थोडा थोडा सोडा. गवार गम थंड पाण्यातही फुगतो, पण त्याला १५-२० मिनिटं द्या. लगेच पातळ वाटलं म्हणून अजून घालू नका.

प्रश्न : गम घातलेलं दूध दिवसभर फुटत नाही. मग उन्हाळ्यात गाडीवर बिनबर्फाचं ठेवायला हरकत नाही ना? (भुसावळ)

मोठी हरकत आहे. गम जंतूंना रोखत नाही, फक्त दूध चांगलं दिसत ठेवतो. साधं दूध खराब झालं की फुटून गिऱ्हाईकाला सावध करतं; गममुळे ती खूणही पुसली जाते. बॅसिलस सीरियससारख्या जंतूंची बीजं ९० अंशांनाही तग धरतात आणि कोमट दुधात पुन्हा वाढतात. भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात तर दूध तासाभरातच धोक्याच्या तापमानाला येतं. बाटल्या बर्फात पुरून ठेवा. फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवलेलं घरगुती दूधही ३ दिवसांत संपवा. विक्रीच्या लेबलवर 'दूध' शब्द एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात बसत नाही, 'शेंगदाणा पेय' लिहा. घटकांत जेलन (आयएनएस, म्हणजे खाद्य-मिश्रकाचा क्रमांक, ४१८), गवार गम (४१२), लेसिथिन (३२२) लिहा, आणि शेंगदाणा आहे हे ॲलर्जीच्या सूचनेत ठळक द्या. दाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

प्रश्न : सोया दूध चहात फुटतं. कोणता गम घालू? (अमळनेर)

कोणताच नाही. गमने फुटलेले कण फार तर तरंगत राहतील. सोयाची प्रथिनं पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.५ च्या आसपास आला की एकत्र येतात. चहाचं आम्ल, टॅनिन (चहातला तुरट घटक) आणि उष्णता मिळून त्यांना तिकडे ढकलतात, जड पाणी त्यात भर घालतं. लिटरला १.५ ते २ ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट (आम्लता आवरणारा खाद्य क्षार) थोड्या पाण्यात विरघळवून दूध तापवण्याआधी घाला. ते नसेल तर खाण्याचा सोडा अर्धा ग्रॅम. त्याहून जास्त झाला तर साबणासारखी चव येते. सोया दूध स्वतः आधी १० मिनिटं नीट उकळलेलं हवं, कच्च्या सोयाबीनमधले पचनाला अडथळा करणारे घटक त्याने निकामी होतात. गरम दुधात गाळलेला चहा हळूहळू ओता, थंड दूध उकळत्या चहात नको. गुळाचा चहा असेल तर गूळ गॅस बंद करून, अगदी शेवटी.